डाव्या मडगार्डची पुट्टी

१

"तू ये," दादा फोनवर म्हणाला. "पाचच्या आत ये. पाच वाजता मी पोलीस चौकीत जाणार आहे."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "चौकीत? कशाला? चोरी झाली का?"

"नाही. मी एकाला उडवलंय बहुतेक. घरात कुणाला एक शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे तुला." आणि त्याने फोन ठेवला.

माझा भाऊ पस्तीस वर्षं बसवर ड्रायव्हर होता. पस्तीस वर्षांत त्याच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हार घातला, तर हा म्हणाला, हार मला कशाला, ब्रेकला घाला. असा माणूस 'बहुतेक' म्हणतो म्हणजे काय? एक तर उडवलं असेल, नाही तर नसेल.

मला बोलावलं त्याला कारण होतं. नवरा गेल्यावर बत्तीस वर्षं मी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलं. गिऱ्हाइकं मला हातोडीबाई म्हणायची, तोंडावरसुद्धा. पत्र्यावर बोट फिरवलं की कुठे पोचा आला होता आणि तो कुणी काढला, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. आता गॅरेज विकलं, पण बोटं विकली नाहीत.

त्यातून आठ दिवसांपासून मला सर्दी. नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेलं. तशीच रुमाल घेऊन निघाले.

२

दादा शेडच्या दाराशीच उभा होता. नवा चष्मा, दाढी केलेली, आणि चेहरा असा की बघवेना.

"आत ये. दार लोटून घे."

शेड पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारपर्यंत आत अंधारच. त्यात दादाची काटकसर, एकच पिवळा दिवा. त्या उजेडात त्याची पांढरी गाडी उभी होती. त्याने पुढचं डावं मडगार्ड दाखवलं. चाकाच्या वर, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत रंगाला चकाकी नव्हती.

"हे कालपर्यंत नव्हतं," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून महिनाभर डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला आणि धुळीत जायला बंदी केली होती. काल महिना संपला. नवा चष्मा तयार झाल्याचा फोन आला, घरात कुणी नव्हतं, आणि ह्या शहाण्याने जुनाच चष्मा लावून गाडी बाहेर काढली.

"जुन्या चष्म्यातून तुला काय दिसत होतं?"

"रस्ता दिसत होता गं. कडा जरा धूसर होत्या." तो खाली बघू लागला. "नव्या चष्म्याने गरगरलं, म्हणून परत येतानाही जुनाच लावला होता. शाळेच्या वळणावर डावीकडे धप्प झालं. मला वाटलं खड्डा. घरी आलो, डोळ्यांत औषध घालून आठ वाजता झोपलो. सकाळी पेपरवाला सांगत होता, काल साडेसहाला त्याच वळणावर आपल्या पोस्टमनला गाडीने उडवलं. पांढरी गाडी, थांबली नाही. मी नवा चष्मा लावला आणि इथे आलो, तर हे."

"म्हणजे तू म्हणतोस..."

"मी म्हणतो, रात्री घरातल्या कुणीतरी बाहेरून बातमी ऐकली, गाडी पाहिली, आणि मला वाचवायला पुट्टी भरली. कुणी ते मला विचारायचंच नाही. विचारलं की तेही गुन्ह्यात आले. मी एकटा जाणार, मी एकटा सांगणार." त्याचा आवाज फाटला. "मी थांबलो नाही, हे मला सहन होत नाहीये. लोकांना मी काय शिकवलं आयुष्यभर?"

पत्र्यासमोर रडायची मला सवय नाही. बोटाच्या पेराने मडगार्ड वाजवत गेले. टण, टण, टण, आणि मग थप. आत पुट्टी, तीही जाड. हौशी काम होतं. जो पोचा आधी सक्शनने निम्मा तरी ओढून काढायचा, तो तसाच ठेवून वरून थापलेलं. पण एक गोष्ट मात्र हौशी नव्हती. रंगाची कड. चाकाच्या गोलाईला कागद लावून रंग मारला की नवशिक्याची कड नेहमी दातेरी येते. ही कड एका सपाट्यात कापल्यासारखी गोल होती.

रंग किती जुना, ते मी नेहमी वासावरून सांगते. नाक लावलं. सर्दीने काही कळू दिलं नाही.

"साडेचार तास आहेत," मी म्हटलं. "तोपर्यंत तू गप्प बसून राहायचं. चौकी कुठे पळून जात नाही."

बाहेर पडताना दाराच्या हिरव्या चौकटीला माझा खांदा लागला. तिथे खिळ्यावर जुना रेनकोट टांगलेला होता. पावसाचा पत्ता नाही, आणि रेनकोट शेडमध्ये? पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

३

स्वयंपाकघरात भाचा जेवायला आला होता. तो छापखान्यात आहे, दुपारी तासभर घरी येतो.

"आत्या! अचानक?"

"का, मी येऊ नये का? फ्रिजवरचं मॅग्नेट दे जरा." जाड पुट्टीवर लोहचुंबक चिकटत नाही, पुट्टी कुठून कुठपर्यंत आहे ते मला बघायचं होतं. या घरात फ्रिजवर टरबुजाच्या फोडीचं एक मॅग्नेट असतं, मीच दिलेलं.

फ्रिजवर सामानाची यादी होती, पण ती चिकटपट्टीने लावलेली.

"टरबूज हरवलंय," भाचा म्हणाला. "आई म्हणते पडलं असेल कुठेतरी. या घरात वस्तूंना पाय फुटतात हल्ली. माझा स्प्रेचा डबासुद्धा कुणीतरी संपवला."

मी कान टवकारले. "कसला स्प्रे?"

"गॅलरीतल्या लोखंडी खुर्च्यांना पांढरा रंग द्यायला आणला होता. दोन झाल्या, तिसरीला बघतो तर डबा फुस्स! दोन रविवार झाले, तिसरी तशीच गंजतेय. बाबांना मात्र वाटतं मीच आळशी."

"बाबा आज गप्प आहेत ना?"

"सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसलेत. गाडीचं काही बिनसलं का?" त्याने घास मोडला. "मी तर महिन्याभरात शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेव म्हणाले होते, बॅटरी उतरेल म्हणून. मी आईवर ढकललं. तिने नुसती किल्ली फिरवायची असते, त्यात काय!"

खोटं बोलताना हा लहानपणापासून कान खाजवतो. आज त्याने एकदाही खाजवला नाही. म्हणजे उरलं कोण? मला ते नाव मनातसुद्धा घ्यायचं नव्हतं.

४

वहिनी मागच्या खोलीत मशीनवर होत्या. अर्ध्या गावाचे कपडे शिवतात त्या. टेबलावर कुणाच्या तरी गळ्याचा कागदी नमुना होता, कात्रीच्या एका सपाट्यात कापलेला. कड कशी अगदी गोल.

मी मटकन स्टुलावर बसले.

"वन्सं, बरं वाटत नाही का? सर्दी फार दिसते. काढा देऊ?"

"नको. एक बटण द्या पांढरं, माझ्या बाहीचं तुटलंय." बटण धडधाकट होतं. त्यांनी नको नको म्हणेपर्यंत मी बटणांचा डबा ओढला. बटणांखाली टरबुजाची फोड होती. तिच्या पाठीला पांढरी धूळ चिकटलेली. ती धूळ मी झोपेतही ओळखीन. घासलेल्या पुट्टीची.

त्यांनी दोरा दाताने तोडला, मान खाली घातली.

"वहिनी, गाडीचं काही सांगायचंय का?"

"मला गाडीतलं काय कळतंय, वन्सं?" चाळीस वर्षं त्या हेच म्हणत आल्यात. मग हळूच विचारलं, "हे गाडीवरून रागावलेत का हो? सकाळी शेडमधून आले ते बोलतच नाहीत."

शपथ आड आली. नाहीतर तिथेच हलवून विचारलं असतं. रात्री आपल्या नवऱ्याने माणूस उडवला हे यांना कळलं, आणि ह्या भोळ्या बाईने कात्री, कागद आणि पुट्टी घेऊन पुरावा लपवला. दादा म्हणत होता ते खरंच होतं तर! आता त्याच्याबरोबर याही अडकणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घड्याळात अडीच वाजले होते. मी चपला घातल्या आणि दवाखाना गाठला.

५

पोस्टमन खाटेवर बसून शेजारच्याला विनोद सांगत होता. पाय प्लास्टरमध्ये.

"हातोडीबाई! माझा पोचा काढायला आलात का?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. "काय झालं नेमकं, सांग की."

"काय सांगू? सायकलवर होतो. मागून काहीतरी आलं, इथे दणका बसला." त्याने सदरा बाजूला केला. खांद्याच्या मागे जांभळा डाग होता, हाताच्या पंजाएवढा. "मी सायकलसकट गटारात. पाय तिथे मोडला. वर बघेपर्यंत पांढरं काहीतरी वळून गेलं. डोळ्यांत चिखल, काय दिसणार?"

"गाडीच होती?"

"पांढरी होती, एवढंच शपथेवर सांगतो." तो जरा गंभीर झाला. "एक सांगू? पायाचं काही नाही, जुळेल. पण थांबायचं तरी हो! थांबला असता तर मी रागावलोही नसतो."

मी सफरचंदं ठेवली आणि बाहेर आले. पांढरी. त्या एका शब्दाभोवतीच मी फिरत राहिले. जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा विचार करायचंच मी विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

परतले तेव्हा पावणेपाच झाले होते. दादा इस्त्रीचा सदरा घालून बैठकीत बसला होता. समोर टेबलावर गाडीची किल्ली आणि लायसन्स. लायसन्स त्याने पाकिटात घालून वर नाव लिहिलं होतं, जसं काही आता ते परत मिळणारच नाही. वहिनी दारात उभ्या.

"कुठे निघालात?" त्या विचारत होत्या. "चहा तरी घ्या."

दादा उठला. आणि मी शपथ मोडली.

"वहिनी, हा चौकीत चाललाय. काल शाळेच्या वळणावर आपणच पोस्टमनला उडवलं असं म्हणतोय. तुम्ही रात्री पुट्टी भरलीत ना? सांगा आता, लपवून काही उपयोग नाही."

दादा माझ्यावर ओरडला. पण वहिनी ओरडल्या त्याच्याही वर.

"काल? काल कुठली? अहो, ती पुट्टी पंधरा दिवसांपूर्वीची आहे! पोचा मी पाडलाय! गाडी मी चालवत होते!"

दादा हसला. ते हसू मला बघवलं नाही. "बघितलंस? मला वाचवायला ही काय वाट्टेल ते बोलेल. तुला क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते तरी माहीत आहे का गं?"

वहिनींनी टेबलावरची किल्ली उचलली आणि तरातरा शेडकडे निघाल्या.

६

आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू झालं होतं. दादा "अगं, अगं!" करत धावला. गाडी मागे येऊ लागली. हळू, सरळ, एका रेषेत. पुढचा भाग दारातून पुरता बाहेर आल्यावरच वहिनींनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी अंगणात वळवून उभी केली, हँडब्रेक ओढला.

दादाचं तोंड उघडंच.

"मागच्या वेळी घाईत आधीच फिरवलं," त्या उतरून म्हणाल्या. "गाडीचं नाक डावीकडे गेलं आणि चौकटीच्या कडीवर आपटलं. तो रेनकोट काढून बघा."

मी रेनकोट काढला. खाली लोखंडी कडी वाकलेली, हिरवा रंग खरवडलेला. मडगार्डवरच्या थप आवाजाच्या उंचीलाच. बस चालवणारा माणूस जन्मात ही चूक करणार नाही. नवशिका पहिल्या महिन्यात करतोच.

"पण पंधरा दिवसांपूर्वी, हे कशावरून?" दादा पुटपुटला. त्याला विश्वास ठेवायचा होता आणि धीर होत नव्हता. "तू काल रात्री..."

"थांब," मी म्हटलं.

पाचचं तिरपं ऊन मडगार्डवर पडलं होतं. आणि त्या पांढऱ्या रंगात, ठिगळाच्या मधोमध, एक पिवळट डाग उठून दिसत होता. चहा सांडून पुसल्यासारखा. शेडमधल्या पिवळ्या दिव्यात तो मला दिसलाच नव्हता. पिवळ्यात पिवळं काय दिसणार?

मी जी हसत सुटले, ती मला खोकला येईपर्यंत. तिघं बघतच राहिले. भाचाही कामावरून आला होता.

"दादा, ऐक नीट. पुट्टी घट्ट व्हायला तिच्यात लाल हार्डनर मिसळतात. तो जास्त पडला की रंगाच्या खालून पिवळा डाग वर येतो. पण तो रात्रीत येत नाही. पाच-सहा दिवस तरी लागतात, एवढा गडद व्हायला त्याहून जास्त. काल रात्री पुट्टी भरली असती तर आज इथे डाग नसता. ठिगळ कालही होतंच, जुन्या चष्म्यातून तुला दिसलं नाही एवढंच. बत्तीस वर्षं ह्या डागासाठी मी पोरांचे कान पिळलेत."

"आणि माझा डबा!" भाचा ओरडला. "दोन रविवारांपूर्वी संपलेला!"

"तोच. तू दुपारी सांगितलंस आणि मी ठोंब्यासारखी ऐकून घेतलं. गाडीला खुर्चीचा रंग मारलाय तुझ्या आईने."

दादा गाडीच्या बॉनेटला धरून उभा होता. "पण ते धप्प झालं ते? पोचा जुना असेल. मी त्याच गाडीने काल..."

"मडगार्ड माझ्या कमरेलाही येत नाही. पोस्टमनला दणका कुठे बसलाय? खांद्यामागे! सायकलवरच्या माणसाचा खांदा केवढ्यावर येतो? तुझी गाडी एवढी उंच लागतेच कुठे? आरसा म्हणशील तर तोही खांद्याखालीच राहतो, आणि तो बघ, धुळीसकट जागेवर आहे. उंच टेम्पोचा आरसा लागलाय त्याला. तू खड्ड्यातच गेलास रे, दादा. साध्या खड्ड्यात."

दादा पायरीवर बसला. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला, पुन्हा काढला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. वहिनी त्याच्याशेजारी बसल्या.

"मला सांगायचं नाही का?" तो म्हणाला.

"आणि तुम्ही मला सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुमचा डोळा ठणकत होता. पोरगा रात्रपाळीला. शेडमध्ये गाडी होती, आणि मी दोन तास फाटकाशी कुणाची तरी वाट बघत उभी होते. तेव्हाच ठरवलं. आधी नुसती किल्ली फिरवायची, मग वीतभर पुढे, वीतभर मागे. चाळीस वर्षं शेजारी बसून बघितलंय, अगदीच काही वाया गेलं नाही."

"आणि पुट्टी?"

"मोबाइलवर बघून. तुमचा जीव त्या गाडीत. वाटलं, चष्मा यायच्या आत झाकून टाकू."

दादा त्यांचा हात धरून बसला. भाच्याने आणि मी उगाचच अंगणातल्या झाडाकडे बघितलं.

चौकीत आम्ही गेलोच, पण वेगळ्या कामाला: खांद्याची खूण आणि आरशाची गोष्ट सांगायला. तिसऱ्या दिवशी टेम्पो सापडला. पांढराच होता, डाव्या बाजूचा आरसा फुटलेला.

त्याआधी, त्याच संध्याकाळी, आम्ही पोस्टमनला भेटायला निघालो. जुन्या चष्म्याने गाडी काढल्याबद्दल मी दादाला वाटभर बोलून घेतलं, आणि त्याने कानाला हात लावले. गाडी वहिनींनी चालवली, मोबाइलवरूनच काढलेल्या शिकाऊ लायसन्सवर आणि बैलगाडीच्या वेगाने. दादा आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसला होता आणि पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर दाबत होता. शाळेच्या वळणावर गाडी धप्पकन खड्ड्यात गेली.

"हाच!" दादा ओरडला. एवढ्या आनंदाने खड्ड्याचं स्वागत कुणी केलं नसेल.

"उद्या ते मडगार्ड मी खरवडते," मी मागून म्हटलं. "माझ्या माहेरच्या गाडीवर असली पुट्टी? लोक काय म्हणतील मला?"

"हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "तो डाग राहू दे."

वहिनींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "वन्सं, तो लाल हार्डनर किती घालायचा असतो हो?"

"मूठभर पुट्टीला वाटाण्याएवढा."

"अगं बाई! मी लिंबाएवढा घातला."

"बरं केलंस," दादा म्हणाला, आणि दवाखाना येईपर्यंत तेच म्हणत राहिला.